सव्वीस दिवसांचा हिशेब

एक रुपया भरला की विधानसभेच्या कुठल्याही उमेदवाराचा खर्चाचा हिशेब कुणालाही बघायला मिळतो. 1961 च्या निवडणूक नियमांमध्ये 88 वा नियम आहे, त्यात ही फी लिहिलेली आहे. डिसेंबर 2024 संपत आला होता, तेव्हा मी तो रुपया पहिल्यांदा भरला. पावती देणाऱ्या बाईंनी विचारलं, "कुठल्या पक्षाकडून आलात?" म्हटलं, "कुठल्याच नाही. पीएच.डी. करतेय, राज्यशास्त्रात." त्यांनी एकदा मान वर करून पाहिलं आणि खिडकीजवळची उजेडाची जागा मला दिली.

समोर आली ती वही तीन रंगांची. पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोखीची, पिवळी बँकेची. मागे बिलं आणि व्हाउचर टाचलेली. अर्ज भरल्याच्या दिवसापासून निकालाच्या दिवसापर्यंत, दोन्ही दिवस धरून, उमेदवाराने काय खर्च केला ते यात लिहायचं असतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं 77 वं कलम तसं सांगतं. माझ्या पुढ्यातल्या उमेदवाराने शेवटच्या दिवशी, 29 ऑक्टोबरला अर्ज भरला होता. निकाल 23 नोव्हेंबरला लागला. म्हणजे सव्वीस दिवस. एका विधानसभा निवडणुकीचा कायदेशीर हिशेब सव्वीस दिवसांत बसवलेला होता, आणि तो नीटनेटका होता. बेरजा जुळत होत्या.

या वहीपर्यंत पोचायला मला दहा महिने लागले होते.

माझा विषय ठरला 15 फेब्रुवारी 2024 ला. मी गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात बसले होते, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमताने निवडणूक रोखे योजना, म्हणजे बँकेतून रोखे घेऊन पक्षाला नाव उघड न करता देणगी द्यायची सोय, घटनाबाह्य ठरवली. पुढच्या महिन्यात निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर याद्या आल्या. आधी दोन वेगवेगळ्या याद्या, रोखे कुणी घेतले ती एक आणि कुणी वटवले ती दुसरी. आठवड्याभराने रोख्यांचे क्रमांक आले आणि दोन्ही जोडता यायला लागल्या. आमच्या विभागातले सगळे रात्ररात्र एक्सेल उघडून बसले होते. मीही बसले. पण चार दिवसांनी माझ्या लक्षात आलं की कंपनीकडून पक्षाकडे पैसा कसा गेला ते या याद्यांमध्ये दिसतं, आणि तिथे ती वाट संपते. पक्षाच्या खात्यातून किंवा उमेदवाराच्या खिशातून निघून तो आमच्या पेठेतल्या चौकात, मंडळाच्या मांडवात, सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कसा उतरतो, ते कुठेच नव्हतं. मला ती खालची वाट बघायची होती.

मॅडमनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांनी, आधी वाचायला लावलं. वाचायला होतं ते बहुतेक अमेरिकेतलं. तिथे 200 डॉलरच्या वर देणगी दिली की देणाऱ्याचं नाव, गाव, धंदा सगळं सार्वजनिक होतं, आणि अभ्यासक घरबसल्या लाखो नोंदी उतरवून घेतो. त्या नोंदींवर तिथल्या लोकांनी फार सुंदर काम केलंय. माझ्यापुढे प्रश्न होता की आपल्याकडे 20,000 रुपयांपर्यंतच्या देणगीचं नाव पक्षाला आयोगापुढे मांडावं लागत नाही. उमेदवाराला खर्चाची मर्यादा आहे, 2022 पासून महाराष्ट्रात विधानसभेला 40 लाख, पण पक्षाला मर्यादाच नाही. 1974 मध्ये कंवरलाल गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की पक्षाने उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच हिशेबात धरायचा. त्याच वर्षी वटहुकूम निघाला, कायदा दुरुस्त झाला आणि ते पुसलं गेलं. माझ्या मते आपल्याकडच्या निवडणूक खर्चाच्या सगळ्या गोंधळाचं मूळ त्या एका दुरुस्तीत आहे. त्यानंतर मर्यादा कागदावर राहिली आणि खर्चाला दुसरी दारं मिळाली.

मॅडम म्हणाल्या, "आकडे मिळणार नाहीत हे धरून चाल. वस्तू बघ. पैसा दिसत नसला तरी वस्तू दिसतात."

वस्तू बघायला मला बाबांनी शिकवलं. आमचा नारायण पेठेत छापखाना होता. आधी ट्रेडल, मग ऑफसेट, मग फ्लेक्सच्या लाटेत बंद पडला. निवडणूक आली की घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. बाबा प्रत्येक मजकुराच्या तळाशी मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता जातीने तपासत. ते नसेल तर सहा महिने तुरुंग किंवा दोन हजार दंड, असं ते आम्हाला सांगायचे. मोठेपणी कळलं की ते लोकप्रतिनिधित्व कायद्याचं 127 क कलम आहे आणि 1961 सालापासून आहे. प्रकाशकाकडून प्रतिज्ञापत्र घ्यायचं, त्यावर त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायची. बाबा ते न चुकता करायचे. शाळेत असताना त्या सह्यांची कागदं मी स्वतः सायकलवरून गोळा करून आणलेली आहेत.

म्हणून मी 2024 च्या गणपतीपासून फ्लेक्स मोजायला लागले. सात सप्टेंबरला गणपती बसले. आचारसंहिता लागायला अजून पाच आठवडे होते. अलका टॉकीजचा चौक, टिळक रस्ता, लक्ष्मी रस्ता, सिंहगड रस्ता, कोथरूडचा डेपो असा एक ठरलेला फेरा. रोज संध्याकाळी स्कूटीवर. फोटो, जागा, माप, तारीख, कुणाचे चेहरे. माप डोळ्यांनी घ्यायला बाबांनी शिकवलं होतं: विजेच्या खांबाच्या मानाने उंची काढायची, मग रुंदी. फ्लेक्सचा हिशेब चौरस फुटावर असतो, त्यावर आयलेट (दोरी ओवायच्या धातूच्या कड्या), फ्रेम आणि लावायची मजुरी.

आठवडाभर मोजल्यावर मला माप कमी आणि खालची ओळ जास्त दिसायला लागली. पुण्यातल्या कुणालाही फ्लेक्सची रचना पाठ असते. वरती पक्षाचे मोठे नेते गोलात, मधे ज्याचा वाढदिवस किंवा ज्याची इच्छा तो, आणि तळाला चेहऱ्यांची रांग, त्यावर लिहिलेलं 'शुभेच्छुक'. मी लहानपणापासून ती रांग बघत आले होते, पण तिच्याकडे देणगीदारांची यादी म्हणून कधी पाहिलं नव्हतं. फ्लेक्सचे पैसे ती रांग भरते. कुणाचा चेहरा कुणाच्या शेजारी, कुणाचा मोठा, कोण नव्याने आला, कोण गणपतीत होता आणि नवरात्रात गायब झाला, हे सगळं तिथे उघड्यावर टांगलेलं असतं. त्यात बांधकामवाला, केबलवाला, जिमवाला, मंडळाचा अध्यक्ष, उद्या पालिकेला उभं राहू बघणारा असे सगळे असतात. आयोगापुढे जी नावं येत नाहीत ती चौकात वीस फुटांवर लावलेली असतात. देणारा 'मी दिले' हे त्यातूनच सांगतो, आणि मतदाराला 'यांच्यामागे एवढे लोक आहेत' हेही त्यातूनच कळतं. देणगी आणि प्रचार यांचे दोन वेगळे तक्ते मी केले होते. त्या आठवड्यात ते एकत्र केले. माझ्या प्रबंधातलं जे काही माझं स्वतःचं आहे, ते इथून निघालं.

नवरात्र 3 ऑक्टोबरला बसलं. 'खेळ पैठणीचा', हळदीकुंकू, तुळजापूरला बसगाड्या. कार्यअहवालाच्या गुळगुळीत कागदाच्या पुस्तिका घरोघर आल्या, आमच्याकडे दोन आल्या. दसरा 12 ला झाला आणि 15 तारखेला आचारसंहिता लागली. त्या रात्री अकरा वाजता मी टिळक रस्त्यावर उभी होते. पालिकेची गाडी आली, माणसं शिडीवर चढली आणि माझे पाच आठवडे भराभर गुंडाळून टेम्पोत पडले. दुसऱ्या दिवशी चौक मोकळे होते, आणि कायद्याच्या दृष्टीने तोवर एक रुपयाही खर्च झालेला नव्हता. अर्जाच्या आधी केलेलं साहित्य अर्जानंतर वापरलं तर ते हिशेबात धरावं लागतं. जे वापरून संपलं, खाऊन संपलं, फिरून संपलं, ते धरावं लागत नाही.

इथे माझी एक मोठी चूक झाली, तीही सांगायला हवी. आचारसंहितेनंतर परवानगीचे फ्लेक्स लागले तेव्हा मी तेही मोजत होते आणि एका उमेदवाराचा आकडा फार फुगत चालला होता. एकदा रात्री जेवताना बाबांनी लॅपटॉपवरचे फोटो पाहिले आणि म्हणाले, "हे दोन एकच आहेत." एक सिंहगड रस्त्यावरचा होता, एक कर्वे रस्त्यावरचा. मला पटेना. त्यांनी फोटो मोठा केला. उमेदवाराच्या हनुवटीवरून एक बारीक आडवी रेघ गेली होती, केसाएवढी. छापताना मशीनचा एक नोझल चोंदला की अशी रेघ येते. दोन्ही फोटोंत ती तिथेच होती, हनुवटीच्या त्याच जागी. फ्लेक्स एका चौकातून काढून दुसऱ्या चौकात नेत होते. मी तीन आठवड्यांच्या सगळ्या नोंदी पुन्हा तपासल्या, रेघा, सुरकुत्या, फाटके कोपरे शोधत. आकडा खूप खाली आला. तो तसाच राहिला असता तर एका माणसावर मी छापील खोटं लिहिलं असतं. बाबांचा त्या प्रबंधात आभारापलीकडचा वाटा आहे.

अर्ज भरायचा शेवटचा दिवस धनत्रयोदशीचा होता, आणि माघारीची मुदत भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, 4 नोव्हेंबरपर्यंत. म्हणजे पूर्ण दिवाळी निवडणुकीच्या मधोमध आली. उटण्याची पाकिटं, फराळाचे डबे, आकाशकंदील, दिवाळी पहाट. एका दिवाळी पहाटेला मी गेले होते. व्यासपीठावर ना चेहरा ना चिन्ह. निवेदकाने आयोजकाचं नावही घेतलं नाही. पण पहिल्या रांगेत कोण येऊन बसलं ते हजार माणसांनी पाहिलं, आणि गाणं संपल्यावर निम्मे लोक त्यांना नमस्कार करायला वाकले.

त्यानंतर मी सभांच्या मागे लागले. निवडणूक खर्चावर नजर ठेवायला सरकारी यंत्रणा असते: भरारी पथक, स्थिर पथक, व्हिडिओ पथक, हिशेब पथक, आणि या सगळ्यांवर बाहेरून आलेला खर्च निरीक्षक. उमेदवार आपली वही लिहितो, त्याच वेळी यंत्रणा तिची स्वतःची वही लिहीत असते, तिला छाया नोंदवही म्हणतात. प्रचाराच्या काळात उमेदवाराची वही किमान तीनदा तपासायला बोलावतात आणि दोन्ही समोरासमोर ठेवतात. कागदावर ही रचना खरोखर चांगली आहे, आणि राबणारे लोकही राबतात.

एका सभेला मी व्हिडिओ पथकातल्या मुलाच्या अगदी मागे उभी होते. मैदान भरत होतं, स्पीकरवर पोवाडा लावलेला. मुलगा कॅमेरा खांद्यावर घेऊन हळूहळू फिरत होता आणि माइकजवळ तोंड नेऊन बोलत होता. मला वाटलं फोनवर आहे. कान दिला तर तो मोजत होता. तारीख, ठिकाण, पक्ष, उमेदवार. "मंच अंदाजे तीस बाय वीस. मागे एलईडी एक. स्पीकर डावीकडे चार, उजवीकडे चार. प्लास्टिक खुर्च्या, एका रांगेत पंचवीस, रांगा..." आणि तो रांगांवरून कॅमेरा नेत, ओठांनी मोजत पुढे गेला. खुर्च्यांवर माणसं बसत होती, उठत होती, पोरं रांगा मोडत होती, आणि तो मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून मोजायचा. त्याने बोललेलं नंतर कार्यालयात कुणीतरी ऐकतं आणि जिल्ह्याच्या दरसूचीने त्याला गुणतं. चहा, वडापाव, खुर्ची, सतरंजी, फेटा, हार, ढोल-ताशा, प्रत्येकाला दर ठरलेला असतो.

मोठा नेता सभेला आला तर आणखी वेगळा हिशेब. मान्यताप्राप्त पक्षाला चाळीस स्टार प्रचारकांची नावं देता येतात, आणि त्यांचा प्रवास उमेदवाराच्या खर्चात लागत नाही. पण उमेदवार त्यांच्या मंचावर बसला किंवा त्याचं नाव, फोटो तिथे लागला, की सभेच्या खर्चातला वाटा त्याच्या अंगावर येतो. त्यामुळे कोण मंचावर येतं, कोण खाली बसतं, फलकावर किती नावं, हे व्याकरण मला त्या महिन्यात वाचता यायला लागलं. एका मंचावर चार उमेदवार दिसले तर तो एकोपा असतो, आणि सभेचा खर्चही चार ठिकाणी वाटला जातो.

मोबाइलवरच्या प्रचाराचं मी थोडक्यात सांगते, कारण तिथे मला सगळ्यात कमी सापडलं. मेटा कंपनी राजकीय जाहिरातींचा संग्रह लोकांना खुला ठेवते. पैसे कुणी भरले त्याचं नाव दिसतं आणि खर्चाचा पट्टा दिसतो, 'शंभर रुपयांपेक्षा कमी' इथपासून सुरू होणारा. मी रोज रात्री तो उतरवून घ्यायचे. उमेदवाराच्या स्वतःच्या पानावर थोडंफार असायचं. खरा जोर ज्या पानांवर होता त्यांची नावं शहराच्या, गल्लीच्या, अस्मितेच्या नावाने होती आणि मतदानानंतर आठवड्याभरात ती गप्प झाली. आयोगाने 2013 मध्येच सांगितलंय की सोशल मीडियाच्या जाहिराती, मजकूर बनवणारे आणि त्यांचे पगार हे सगळं निवडणूक खर्चात येतं. पण रील करणाऱ्या पोराला हातात पैसे दिले तर ती जाहिरात म्हणून नोंदलीच जात नाही, आणि व्हॉट्सॲपला तर संग्रह नाहीच. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर त्या महिन्यात पाणी आणि पार्किंग सोडून सगळ्या विषयांवर व्हिडिओ आले. ते कुठे बनले हे मी आजही सांगू शकत नाही.

निकालानंतर मुलाखती सुरू केल्या. सगळ्यांना लिहून दिलं होतं की नाव, पक्ष, मतदारसंघ कुठेच येणार नाही.

पहिली मुलाखत मिळाली ती वही लिहिणाऱ्याची. उमेदवाराचा खर्च लिहिणारा माणूस बहुधा हिशेबातला मुरलेला असतो. हे गृहस्थ सदाशिव पेठेत करसल्लागार आहेत, तीन विधानसभा केल्यात. चहा मागवला आणि म्हणाले, "ताई, लोकांना वाटतं मी खर्च लपवतो. मी खर्च बसवतो. लपवायचं असेल तर वही लिहायला मी कशाला लागतो?" बसवणं म्हणजे काय ते त्यांनी समजावून सांगितलं. रोखीने एका माणसाला पूर्ण निवडणुकीत दहा हजारांच्या वर देता येत नाही, मग बिलं कशी वाटायची. निरीक्षकाच्या छाया वहीत काय आलं असेल त्याचा अंदाज घेऊन तेवढं आधीच लिहून टाकायचं. मर्यादेच्या फार जवळ जायचं नाही आणि फार खालीही राहायचं नाही. मी विचारलं, "40 लाखांत निवडणूक होते का?" शहरातल्या एका मतदारसंघात चार लाखांच्या आसपास मतदार धरले तर हे माणशी दहा रुपये होतात. ते हसले नाहीत. म्हणाले, "सव्वीस दिवसांची होते." जरा थांबून पुढे म्हणाले, "आमच्या साहेबांची निवडणूक अडीच वर्षं चाललीय. तिचा हिशेब कुणी मागितलेलाच नाही."

दुसरा एक अपक्ष. रिक्षा चालवतो. त्याची वही मी त्या वाचनात पाहिली होती म्हणून त्याला शोधून काढलं. सगळी वही त्याच्या स्वतःच्या अक्षरात होती: पेट्रोल, झेरॉक्स, पत्रकं, एका कर्ण्याचं भाडं, बायकोच्या भावाकडून उसने घेतलेले पैसे, तारखेसकट. मी वाचलेल्या सगळ्या वह्यांमध्ये ती मला सर्वांत खरी वाटली. त्याला त्रुटींची नोटीस आली होती, कारण काही व्हाउचरवर सह्या नव्हत्या आणि वेगळं बँक खातं उघडायला एक दिवस उशीर झाला होता. हिशेब दिला नाही किंवा ठरल्या रीतीने दिला नाही आणि कारण पटलं नाही, तर तीन वर्षं निवडणूक लढवता येत नाही, कलम 10 क प्रमाणे. तो घाबरलेला होता. म्हणाला, "मॅडम, मी खर्च केला तो लिहिला. आता सही कुणाची आणू? चहावाला गावाला गेलाय." मी त्याला उत्तर लिहायला मदत केली. संशोधकाने असं करावं की नाही यावर आमच्या विभागात दोन मतं झाली. मी ते प्रबंधात नमूद केलंय, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा करीन.

2014 साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हिशेब वेळेत आला का एवढंच नव्हे, तो खरा आहे का हेही आयोगाला तपासता येतं. त्या निकालाबद्दल मला फार आदर आहे. पण वही तपासायला बसलेल्या माणसासमोर वहीच असते. सही नसलेलं व्हाउचर त्याला दिसतं. नवरात्रातल्या बसगाड्या त्याच्या टेबलावर कधी येतच नाहीत.

त्या मला दिसल्या पर्वतीच्या पायथ्याच्या एका वस्तीत. प्रचाराच्या फेऱ्यांमध्ये चालणाऱ्या बायकांशी बोलायचं होतं, आणि प्रत्येक जण एकाच बाईंचं नाव घ्यायची. त्यांना सगळे काकू म्हणतात, मीही काकूच म्हणते. चार घरची धुणीभांडी करतात आणि निवडणूक आली की बायका गोळा करण्याचं काम त्यांच्याकडे असतं. पहिल्या दोन वेळी त्यांनी मला दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्या वेळी पाऊस लागला म्हणून आत घेतलं. मी माझी फ्लेक्सची वही दाखवली, बाबांच्या छापखान्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "नारायण पेठेतला का? तिथनं आमच्या मंडळाची पावतीपुस्तकं यायची." मग त्यांनी फळीवरून, मसाल्याच्या डब्यामागून, एक शंभरपानी वही काढली.

हजेरीची वही होती. डाव्या बाजूला नावं, वरती तारखा, पट्टीने आखलेली पानं. प्रत्येक चौकोनात सही किंवा अंगठा. फेरी निळ्या पेनाने, सभा लाल पेनाने. जेवण मिळालं की कोपऱ्यात टिंब. ज्या दिवशी पैसे उशिरा मिळाले तिथे गोल, आणि मिळाल्यावर त्या गोलावर काट. पहिलं पान ऑगस्टचं होतं. दहीहंडी, गणपती, तुळजापूरची बस, कुणाच्या तरी वाढदिवसाचं रक्तदान शिबिर, मग अर्ज भरायच्या दिवसाची मिरवणूक, मग रोजच्या फेऱ्या, मग मतदानाच्या दिवशी स्लिपांचं टेबल. दोन वेगळ्या पक्षांच्या फेऱ्या एकाच वहीत, वेगवेगळ्या पानांवर. शेवटी बेरीज.

"एवढं कशाला लिहिता काकू?"

"न लिहून कसं चालंल? एकीला एक दिवस कमी मिळाला तर वस्तीत मला कोण उभी करंल?"

मी बराच वेळ ती वही नुसती बघत होते. रोजंदारी किती मिळते ते काकूंनी सांगितलं आणि लिहू नको म्हणाल्या, म्हणून लिहीत नाही. फोटो काढू दिला नाही. तेही बरोबर होतं, त्या पंधरा बायकांची नावं होती त्यात, आणि उद्या कुठलाही पक्ष त्यांना दारात उभं करणार नाही अशी भीती होती. मी तिथे बसून फक्त तारखा उतरवून घेतल्या, नावं नाही, आकडे नाहीत. काकूंनी माझं पान स्वतः वाचून पाहिलं, अक्षर लावत लावत, आणि मगच मला उठू दिलं.

घरी येऊन मी त्या तारखा एका ओळीत मांडल्या. खाली माझ्या फ्लेक्सच्या तारखा. त्याखाली मेटाच्या जाहिरातींच्या. सगळ्यात खाली पांढऱ्या पानांवरच्या. वरच्या तीन ओळी लांबलचक होत्या, एकमेकींसोबत वरखाली होणाऱ्या. खालची ओळ उजव्या टोकाला एवढीशी, सव्वीस दिवसांची. मॅडमनी तो तक्ता बघितला आणि प्रबंधाचा आराखडा परत केला. पहिलं प्रकरण 'अर्ज ते निकाल' असं होतं. त्यावर पेन्सिलने लिहिलं होतं, 'ऑगस्टपासून लिही.' चार महिन्यांचं लिखाण मोडून मी पुन्हा लिहिलं.

माझी मागणीही त्यातूनच आली, आणि ती मी प्रत्येक चर्चासत्रात मांडते. मर्यादा 40 लाखांची 60 लाख करा किंवा 20 लाख करा, फार फरक पडणार नाही. हिशेबाची सुरुवातीची तारीख मागे न्या आणि पक्षाच्या खर्चाला उमेदवाराच्या खर्चाशी पुन्हा जोडा, 1974 च्या निकालात होतं तसं. अडचणी मला माहीत आहेत: उमेदवारी मिळायच्या आधी तो उमेदवार कसा म्हणायचा, वाढदिवस कुणाचा प्रचार आणि कुणाचा नुसता वाढदिवस. वकील मित्र या मुद्द्यावर मला नेहमी अडवतात. मी त्यांना चौकातली 'शुभेच्छुक'ची रांग दाखवते. 'इच्छुक' हा शब्द आपल्याकडे लोक स्वतःच स्वतःच्या फोटोखाली लिहितात, तारखेच्या कितीतरी आधी.

प्रबंध जमा झाला. पालिकेच्या निवडणुकीची हवा सुरू झाली तेव्हा मी पुन्हा स्कूटी काढली, तोच फेरा. गणपतीच्या आधी एका संध्याकाळी अलका टॉकीजच्या चौकात माप घेत असताना काकूंचा फोन आला. आमच्याकडचं पाणी, बाबांची तब्येत, सगळं विचारून झालं. मग म्हणाल्या, "नवी वही घातलीय कालपासनं. तारखा उतरवायला कधी येतेस?"